गरम जमिनीवर कोटा बसवा, पण दिवाळीच्या घाईत नको

प्रश्न थोडक्यात: इंग्लंडमध्ये रेडिंगच्या जवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घर 1930च्या दशकातलं. मागच्या अंगणात बांधकाम वाढवून नवं स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा काढली आहे, एकूण 36 चौरस मीटर, लांबी 9 मीटर. जुनं स्वयंपाकघर अजून चालू आहे. नव्या जागेत गरम पाण्याचे पाइप टाकून त्यावर 27 सप्टेंबरला 55 मिलिमीटर जाडीचं अ‍ॅनहायड्राइट स्क्रीड (फरशीखालचा, कोब्यासारखा थर) ओतून झालं. ताईंना सांगलीच्या माहेरच्या घरात आहे तशी कोटा फरशी हवी आहे. नवऱ्याचं म्हणणं, दगड उष्णतेने तडकतो, पोर्सिलीन टाकू. स्लाउमधल्या एका मित्राच्या घरी दुसऱ्याच हिवाळ्यात दगडी टाइल्स पोकळ वाजायला लागल्या, काही सुटल्या, आणि उचलल्या तर त्यांची पाठ कोरी निघाली, हा त्याचा दाखला. टाइल बसवणारा कारागीर पुढच्या सोमवारी यायला तयार आहे. ही तारीख गेली तर तो थेट जानेवारीत मिळणार. ताईंचे आईबाबा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीसाठी, पहिल्यांदाच येत आहेत. आईचे गुडघे दुखतात, तिला दगड गार लागेल का हीही काळजी आहे. ‘कोटा घ्यावा का, आणि सोमवारी काम सुरू करू का?’

ताई,

कोटा घ्या. सोमवारी काम सुरू करू नका.

एवढं वाचून तुमचं निम्मं समाधान आणि निम्मी निराशा होणार, म्हणून कारणं नीट सांगते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: मित्राच्या घरच्या टाइल्सची पाठ कोरी होती. दगड उष्णतेने तडकला असता तर तुकडे झाले असते आणि त्या तुकड्यांना खाली अ‍ॅडहेसिव्ह चिकटलेलं राहिलं असतं. अख्खी फरशी हातात येते, तेव्हा दगड शाबूत असतो आणि पकड सुटलेली असते. तुमचे यजमान ज्या गोष्टीला घाबरतात ती खरोखर घडते, पण दोष दगडाच्या माथी मारला जातोय. त्या मित्राला एकच विचारा: खाली स्क्रीड कोणतं होतं? उत्तर ‘अ‍ॅनहायड्राइट’ आलं, तर पुढचा परिच्छेद दोघं मिळून वाचा.

आपल्याकडे कोबा जे काम करतो तेच तिकडे स्क्रीड करतं. पण अ‍ॅनहायड्राइट स्क्रीड सिमेंटचं नसतं. ते कॅल्शियम सल्फेटचं असतं, म्हणजे जिप्समच्या कुळातलं. पातळ ओतता येतं, आपोआप सपाट होतं, पाइपांना सगळीकडून घट्ट बिलगतं, म्हणून तापणाऱ्या जमिनीसाठी ते उत्तमच आहे. मात्र त्याच्याशी दोन बाबतींत जपून वागावं लागतं. पहिली म्हणजे, वाळताना त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ, भुसभुशीत थर येतो. किल्लीच्या टोकाने खरवडून पाहा. पांढरी पूड निघाली तर तो थर अजून तिथेच आहे. तो मशीनने घासून काढून, व्हॅक्यूमने साफ केल्याशिवाय वर काहीही चिकटवायचं नाही, कारण टाइल त्या पुडीला चिकटते, जमिनीला चिकटतच नाही. दुसरी बाब रसायनाची. ओलसर जिप्समवर नेहमीचं सिमेंटचं अ‍ॅडहेसिव्ह थेट लावलं, की दोघांच्या सीमेवर एट्रिंगाइट नावाचे स्फटिक वाढू लागतात. ते जागा व्यापतात आणि पकड आतून उखडतात. वरून महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. मग हीटिंग चालू-बंद होत राहतं, आणि एक दिवस फरशी पोकळ वाजायला लागते. म्हणजे त्या मित्राच्या घरी पोर्सिलीन असतं तरी ते असंच सुटलं असतं.

उष्णतेचं म्हणाल, तर राहत्या खोलीत जमिनीचा पृष्ठभाग 29 अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं युरोपीय मानक आहे. बाथरूममध्ये 33, खिडकीलगतच्या पट्ट्यात 35. सांगलीत मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरची फरशी याहून कितीतरी जास्त तापते आणि तरी वर्षानुवर्षं टिकते. 29 अंशांनी कोट्याला काही होत नाही.

आता सोमवारचं बोलू.

अ‍ॅनहायड्राइट वाळण्याचा इंग्लंडमध्ये वापरला जाणारा हिशेब असा: पहिल्या 40 मिलिमीटरसाठी मिलिमीटरला एक दिवस, त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन दिवस. तुमचे 55 मिलिमीटर म्हणजे 40 आणि 30 मिळून 70 दिवस. 27 सप्टेंबरपासून मोजलं तर डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडतो, आणि हा हिशेबही हवा कोरडी आणि खेळती असेल तरचा. ऑक्टोबरात, पावसाळी आभाळाखाली, दारंखिडक्या बंद ठेवलेल्या नव्या बांधकामात तो आणखी लांबतो. सोमवारी तुमच्या स्क्रीडला जेमतेम तीन आठवडे होतील. वरून ते दगडासारखं टणक लागेल, त्यावरून चालताही येईल. कारागीर त्यावरूनच ‘तयार आहे’ म्हणत असावा. टणक होणं वेगळं आणि वाळणं वेगळं.

हीटिंग चालू करून वाळवणं लवकर करता येतं, आणि तसंही टाइल्सच्या आधी जमीन एकदा तापवून घेणं आवश्यकच आहे. अ‍ॅनहायड्राइट ओतल्यावर किमान 7 दिवस थांबायचं (सिमेंटच्या स्क्रीडला 21). मग पाणी 20 ते 25 अंशांवर ठेवून 3 दिवस, नंतर आराखड्यातल्या कमाल तापमानावर निदान 4 दिवस. स्क्रीडला जिथे चिरायचं असेल तिथे ते याच वेळी चिरतं, वर दगड नसताना, म्हणजे दुरुस्ती सोपी. हे तुमच्याकडे झालं आहे का, हे पत्रात नाही. झालं नसेल तर सोमवारचा विषय इथेच संपला. जर्मनीत या तापवणीची दिवसागणिक नोंद ठेवून त्यावर सही घेण्याची पद्धत आहे. तशी नोंद तुम्हीही बिल्डरकडून मागा, साध्या कागदावर लिहिलेली चालेल. हीटिंग चालू असताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवा किंवा डीह्यूमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावा. नुसतं बंद खोलीत तापवलं तर जमिनीतून निघालेलं पाणी हवेत राहतं आणि रात्री परत खाली बसतं.

आणि मग मोजायचं. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून दुसऱ्या दिवशी खाली दव आलंय का बघणं ही घरगुती युक्ती आहे. दव दिसलं तर नक्की ओल आहे, नाही दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही. खरी चाचणी दोन प्रकारची. एक, बंद डबीसारखं हायग्रोमीटर जमिनीवर ठेवून आतली सापेक्ष आर्द्रता पाहायची; ती 75 टक्क्यांपर्यंत उतरली पाहिजे. दोन, कार्बाइडची चाचणी: स्क्रीडचा लहानसा तुकडा खोलवरून काढायचा, कुटायचा, बंद भांड्यात कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवायचा आणि जो गॅस तयार होतो त्याच्या दाबावरून ओल काढायची. ती वजनाच्या 0.5 टक्क्याच्या आत हवी. जमीन तापणारी असेल तर जर्मनीत पूर्वी 0.3 चा आग्रह धरत. फक्त तुकडा काढताना खाली पाइप नाही ना हे पाइपांच्या नकाशावरून आधी ठरवा.

तुमच्या कारागिराला उद्या फोन करून हे विचारा: ‘ओलीचा आकडा लिहून द्याल का? वरचा थर घासून काढणार का? प्रायमर कोणता लावणार? दगडाखाली अ‍ॅडहेसिव्ह पूर्ण भरणार की ठिपके ठेवणार?’ ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी खूश होतो. ‘मी कायम असंच करतो, काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर जानेवारीतही तो माणूस नको.

दिवाळीबद्दल मला तुम्हाला एक विचारायचं आहे. नवं स्वयंपाकघर तयार नसेल तर आईबाबांचं नेमकं काय अडणार आहे? जुन्या स्वयंपाकघरात गॅस चालू आहे, चकल्या तिथेही तळता येतात. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी पहिल्यांदा यावं आणि उघडी जमीन बघावी हे बरं दिसत नाही.’ ही भावना मी समजू शकते. लेकीचं परदेशातलं घर आईबाबा पहिल्यांदा बघणार, तेव्हा ते नेटकंच दिसावं असं कुणालाही वाटेल. पण ज्यांनी स्वतः घर बांधलंय, कोबा आणि फरशी यांच्या मधल्या महिन्यात राहिलेत, त्यांना अर्धवट घराचं नवल नसतं. बाबांना त्या मोकळ्या जमिनीवर उभं करा, पाइप कुठून कुठे गेलेत ते दाखवा. त्यांना त्यात टाइल्सपेक्षा जास्त रस वाटेल असा माझा अंदाज आहे. एक मात्र करू नका: ते येणार म्हणून तात्पुरतं व्हिनाइल किंवा गालिचा अंथरून जमीन झाकू नका. वाळायचं थांबेल. कपाटंही अजून बसवू नका, त्यांच्या खालची ओल अडकून राहते.

आईच्या गुडघ्यांविषयी. गरम जमिनीने दुखणं बरं होईल असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांचं काम. दगड गार लागतो तो पायातली उष्णता झटकन ओढून घेतो म्हणून. त्याच गुणामुळे खालची उष्णताही तो झटकन वर देतो. 20 मिलिमीटरचा कोटा आणि 10 मिलिमीटरचं पोर्सिलीन यांच्यात उष्णता अडवण्याच्या बाबतीत सांगण्यासारखा फरक नाही. जाड गालिचा मात्र दहा-पंधरा पट जास्त अडवतो, म्हणून आईसाठी प्रेमाने अंथरलेली जाड सतरंजी उलट तिचीच ऊब अडवेल. हिवाळ्यात चालू जमिनीवर तिला दगड कोमट लागेल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खरा धोका निसरड्याचा असतो. आरशासारखं पॉलिश नको. होन्ड, म्हणजे घासलेलं पण न चमकणारं फिनिश घ्या.

एका गोष्टीची मात्र आत्ताच मनाची तयारी ठेवा. स्क्रीड आणि त्यावर दगड ही जोडी बिडाच्या तव्यासारखी आहे, उशिरा तापते आणि उशिरा निवते. सकाळी उठून बटण दाबलं आणि नाश्त्याला ऊब आली, असं होणार नाही. थंडीत ती सतत चालू ठेवायची, रात्री फार तर 3-4 अंश खाली आणायची. पाणीही रेडिएटरइतकं कडक लागत नाही, साधारण 35 ते 45 अंश पुरतं. गॅसचा बॉयलर असेल तर पाइपांत जाण्याआधी पाणी कोमट करणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवलाय ना, तो सेट केलाय ना, हे बघून घ्या.

आता कोटा. तो राजस्थानातला, रामगंज मंडीकडच्या खाणींतला चुनखडक. शहाबादी आणि कडप्पा हेही चुनखडकच. इंग्लंडमध्ये हे दगड अंगणातल्या पेव्हिंगसाठी सर्रास विकले जातात, सांगलीहून मागवायची गरज नाही. पण अंगणासाठीचा माल घरात आणू नका. त्याची जाडी कमीजास्त असते आणि वरचा भाग खडबडीत. एकसारख्या जाडीत कापलेला, होन्ड केलेला माल मागा. 20 मिलिमीटरचा चुनखडक चौरस मीटरला 50 किलोहून अधिक भरतो. तुमच्या तळमजल्याला त्याचं काही नाही. अ‍ॅडहेसिव्ह धरून जमीन 25 ते 30 मिलिमीटर वर येईल, तेव्हा मागचं दार आणि डिशवॉशरची उंची आधी मोजा.

यजमानांनी सुचवलंय तसं, कोटा घ्यायचाच तर आपल्याकडे करतात तसा आधी बसवून मग पाणी टाकून मशीनने पॉलिश करायचा, हे इथे नको. सांगलीत खाली सिमेंट-वाळू असते, तिला पाणी चालतं. जिप्समला चालत नाही.

बसवताना अ‍ॅडहेसिव्ह लवचीक प्रकारचं हवं, पिशवीवर सी2 आणि एस1 लिहिलेलं. ग्राउटही, म्हणजे फरश्यांमधल्या फटी भरायचा मसालाही, लवचीक. स्क्रीडवर आधी अ‍ॅनहायड्राइटसाठीचा प्रायमर, किंवा मग जिप्समवर चालणारं खास अ‍ॅडहेसिव्ह. दगडाच्या पाठीलाही अ‍ॅडहेसिव्हचा हात फिरवायचा आणि मग बसवायचा. काम सुरू झालं की पहिल्या तासाभरात कारागिराला एक बसवलेली फरशी उचलून दाखवायला सांगा. अ‍ॅडहेसिव्ह पसरताना दातेरी थापीने पडलेल्या खाचांच्या रेघा अजून उठून दिसत असतील, मध्ये कोरडे पट्टे असतील, तर ती फरशी बसलेली नाही. पाठ कडेपर्यंत भरलेली दिसली पाहिजे. पोकळीत हवा राहते, हवा उष्णता अडवते, आणि नेमक्या त्या पोकळीवर खुर्चीचा पाय आला की दगडाला तडा जातो. यजमानांनाही त्या वेळी तिथे उभं करा. पूर्ण भरलेली पाठ डोळ्यांनी पाहिली की त्यांची भीती कुठल्याही युक्तिवादापेक्षा लवकर जाईल.

सांध्यांबाबत हट्ट धरावाच लागेल. 9 मीटरची जमीन दहा-बारा अंशांनी तापली की साधारण एक मिलिमीटर वाढते. त्या मिलिमीटरला जायला जागा हवी. भिंतीलगत चारही बाजूंनी दगड आणि भिंत यांत फट ठेवायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. तापणाऱ्या जमिनीचा एक सलग भाग 40 चौरस मीटर आणि 8 मीटर लांबी यांच्या आत ठेवावा, असा ब्रिटिश मानकाचा सल्ला आहे. तुमचं क्षेत्रफळ बसतं, लांबी बसत नाही, म्हणून मध्ये एक लवचीक सांधा लागेल. दुसरा सांधा जुनं घर आणि नवं बांधकाम जिथे मिळतं तिथे, हा तर टाळताच येणार नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, आणि तिथे एकाच दगडाने पूल बांधला तर सरळ रेषेत तडा ठरलेला. सांधा ग्राउटच्याच रंगाच्या सिलिकॉनने भरला की डोळ्यांना खुपत नाही. सिलिकॉन नैसर्गिक दगडासाठीचं, न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन चुनखडकावर डाग पाडतं.

बसवताना हीटिंग एक-दोन दिवस आधीपासून बंद, आणि अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट पक्कं होईपर्यंत बंदच. किती दिवस ते पिशवीवरच्या पत्रकात असतं, तेच पाळा. मग पाण्याचं तापमान दिवसाला 5 अंशांहून जास्त न वाढवता चढवत न्या. जानेवारीत काम केलंत तर तितके दिवस ती खोली गार राहील, एखादा विजेचा हीटर सोय म्हणून ठेवा.

कोट्यावर सीलर लावाच. हळद, तेल, चहा यांच्या डागांना तो रोखतो. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांच्या आम्लाला मात्र सीलर रोखत नाही. चुनखडकावर ते सांडलं की तिथला भाग खरवडल्यासारखा फिका होतो. लगेच पुसायची सवय ठेवा, आणि बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड त्या जमिनीच्या आसपासही येऊ देऊ नका. रोज सोललेल्या कोकमांची आणि लिंबांची धांदल असलेल्या घरात हे जमणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर पोर्सिलीन निवडण्याचं ते खरं कारण आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

अशाच विचारात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. संगमरवर तापणाऱ्या जमिनीवर चालतो, पण त्यातल्या कॅल्साइटचे कण एका दिशेने प्रसरण पावतात आणि दुसऱ्या दिशेने आकुंचन, म्हणून पातळ, मोठ्या लाद्या वाकू शकतात. जाड आणि लहान घ्या. राजस्थानचा हिरवा ‘मार्बल’ ओलाव्यानेच वाकतो, त्याला पाण्याचं अ‍ॅडहेसिव्ह न लावता रेझिनचं लावावं लागतं. वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांवर दगड टाकायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. तिथे वजन आणि लवचिकता दोन्ही प्रश्न आहेत. फक्त एका बाथरूमपुरती ऊब हवी असेल तर टाइल्सखालची विजेची मॅट सोपी पडते, पण इंग्लंडात वीज गॅसच्या कैक पट महाग आहे, अख्ख्या स्वयंपाकघराला ती परवडत नाही.

ताई, सोमवारची वेळ रद्द करताना त्याच कारागिराचं जानेवारीतलं नाव आत्ताच लावून ठेवा, तो वरच्या प्रश्नांना उतरला तर. आणि स्क्रीड ओतण्याआधी काढलेले पाइपांचे फोटो तुमच्याकडे नसतील तर बिल्डरकडून आजच मागवून घ्या. दाराचा स्टॉपर, कपाटाचा पाय, नळाचं काही, पुढे कधीही जमिनीत भोक पाडायची वेळ आली तर आधी ते फोटो उघडायचे. टाइल्स बसवतानाही पाइप पाण्याच्या दाबाखाली ठेवायला सांगा. कुठे इजा झालीच तर गेजवरचा काटा लगेच खाली येईल आणि दगड चढण्याआधी कळेल.